रिकामी तारीख

मी नोकरीत नेमकं काय करते हे आईला समजावण्याचा नाद मी केव्हाच सोडला. ती मिसरोदच्या आमच्या सोसायटीत सांगते, "कंप्युटरवर तक्ते लावते." कुढत का होईना, पण मला कबूल करावं लागतं की याहून बरं मलाही सांगता येत नाही. सरकारी खात्यांकडे मोठमोठे तक्ते असतात. ते आम्ही इंटरनेटवर अशा तऱ्हेने ठेवतो की कुठलंही ॲप त्यांना प्रश्न विचारू शकेल. एका टोकाने प्रश्न येतो, दुसऱ्या टोकाने ओळी जातात. मधे बसून तक्ता वाचणाऱ्या आणि उत्तर शोधणाऱ्या प्रोग्रामला आम्ही इंजिन म्हणतो.

आमच्या मालाची खासियत अशी की हे इंजिन बदलता येतं. सेटिंगमधली एक ओळ बदलली की जुनं इंजिन बाजूला होतं आणि नवं कामाला लागतं. विचारणाऱ्याला पत्ताही लागत नाही. शेगडी बदलली तरी वरण तेच, असं आमचे साहेब प्रत्येक बैठकीत सांगतात. ते नागपूरचे. स्वयंपाकघरात कधी पाऊल टाकलं असेल असं वाटत नाही.

साहेबांना दर सहा महिन्यांनी एक नवं इंजिन आवडतं. कुठेतरी काहीतरी वाचतात आणि सोमवारी सकाळी माझ्या टेबलाशी येऊन उभे राहतात. बिट्टन मार्केटमध्ये आमचं ऑफिस, भाजीबाजाराच्या दिवशी गाडी लावायला अर्धा तास जातो, घामाघूम होऊन वर यावं तर हे हजर. "मॅडम, हे पहा ना, दहा पट फास्ट पळून राहिलं!" कोणाला घाई होती, असं मी एकदा विचारलं होतं. त्यांनी ते ऐकलंच नाही.

या फेब्रुवारीत असंच एक इंजिन आलं, आणि आमच्याकडच्या पाण्याच्या तक्त्यालाही लागलं. जिल्ह्यातले सार्वजनिक हातपंप आणि बोअर यांचा हा तक्ता. एका ओळीत एक पंप: त्याचा नंबर, जागा, आणि पाणी शेवटचं कधी तपासलं ती तारीख. प्रयोगशाळेतले नमुने गोळा करणारे एक भाईसाहब रोज सकाळी मोबाइलवर हीच यादी उघडत. सगळ्यात जुनी तारीख आधी, अशी वीस नावं. त्या वीस नावांच्या हिशेबाने त्यांना बाटल्या मिळत, आणि ते स्कूटरवरून निघत. यादीत नाव नाही तर बाटली नाही, बाटली नाही तर तपासणी नाही. लोक मात्र पाणी पीत असतातच.

नवं इंजिन लावण्याआधी तपासून घेण्याचं काम माझं. त्यासाठी मी एक छोटा प्रोग्राम लिहिला होता. तो एकच प्रश्न दोन्ही इंजिनांना विचारायचा आणि उत्तरं ताडून बघायचा. जुळली तर हिरवा दिवा, नाही तर लाल. पहिल्या दिवसापासून लाल. बघते तर एकाच तारखेचे चार पंप असले की हे इंजिन त्यांना एका क्रमाने लावी, ते दुसऱ्या. चूक कोणाचीच नव्हती, पण दिवा लाल. आठवडाभर रोज लाल. साहेब रोज विचारायचे, "झालं का जी?" शेवटी वैतागून मी दोन्हीकडची पूर्ण यादी मागवून घेतली, पंपाच्या नंबराप्रमाणे लावली, आणि मग ताडून बघितली. लगेच हिरवा दिवा लागला. त्या दिवशी मी बऱ्याच दिवसांनी सहा वाजता घरी गेले.

आठ-दहा दिवसांनी भाईसाहबांचा फोन आला. माझा नंबर त्यांना कोणी दिला देव जाणे.

"मैडम, लिस्ट में नए वाले नहीं आ रहे."

मी म्हटलं, "नए बने ही नहीं होंगे, भाईसाहब."

"बने तो हैं."

"तो एंट्री नहीं हुई होगी. वो दूसरे डिपार्टमेंट का काम है." आणि फोन ठेवला. आमच्या धंद्यात हे वाक्य पाठच असतं.

मार्चमध्ये पुन्हा फोन. आता मी त्यांना पुढचं पान बघायला सांगितलं. ते म्हणाले, त्यांच्या ॲपमध्ये पुढचं पान नसतंच, वीस नावं आली की संपलं. ते ॲप आमचं नव्हे, दुसऱ्याच कंपनीचं. तेही मी त्यांना ऐकवलं. एप्रिलमध्ये दोनदा फोन आला. मी उचललाच नाही. माणूस रिटायरमेंटला आलाय, मोबाइल जमत नाही, आणि आमच्या डोक्याला ताप, असं मी शेजारच्या टेबलाला सांगितल्याचंही आठवतं.

मे महिन्यात ते स्वतःच आले. भर दुपारी, डोक्याला गमछा गुंडाळून, हातात शाळेची वही. पाणी विचारलं तर आधी "बाद में" म्हणाले. वही माझ्यापुढे ठेवली. बोअर खणणाऱ्यांकडून, चहाच्या टपरीवर, गावच्या सचिवाकडून, विचारून विचारून त्यांनी नव्या पंपांची नावं लिहून काढली होती. अक्षर सुरेख.

"बस इतना बता दीजिए, ये आपके कंप्युटर में हैं कि नहीं. नहीं हों तो मैं कहीं और जाऊं."

त्यांच्यासमोरच मी पहिलं नाव टाकलं, करोंदच्या पलीकडच्या एका अंगणवाडीतला बोअर. ओळ आली. दुसरं टाकलं, तीही आली. सगळीच होती. आणि प्रत्येकाच्या तारखेचा रकाना रिकामा. रिकामा असणारच. एकदाही तपासलं नव्हतं तर तारीख कुठून येणार?

मी पूर्ण यादी उघडली, जुनी तारीख आधी. खाली गेले, आणखी खाली गेले. अगदी तळाशी, दोन स्क्रीन भरून, ही सगळी नावं बसली होती.

जुनं इंजिन रिकाम्या तारखेला सगळ्यात जुनी मानायचं, म्हणून कधीच न तपासलेले पंप आपोआप वर यायचे. नवं इंजिन रिकाम्याला शेवटी टाकत होतं. दोघंही आपापल्या जागी बरोबर, कारण रिकाम्याचं काय करायचं हे प्रश्नात कोणी लिहिलंच नव्हतं. आणि हा फरक ओरडून सांगणारा लाल दिवा मीच बंद केला होता. क्रम हीच त्या यादीतली एकमेव कामाची गोष्ट होती. ताडून बघण्याआधी मी दोन्हीकडून तीच पुसून टाकली होती.

मी साहेबांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "पण मॅडम, दोन्ही इंजिनांनी उत्तर तर बरोबरच दिलं ना?" मी इतक्या जोरात "नाही" म्हटलं की बाहेर टायपिंग थांबलं. आमच्या सेटिंगमध्ये एक ओळ घालायला चार मिनिटं लागली. 'रिकाम्या तारखा आधी', बस. तीन महिने आणि चार मिनिटं. भाईसाहबांनी मोबाइल उघडला, वीसही नावं नवी होती. रागावतील म्हणून मी वाट बघत होते. ते फक्त म्हणाले, "अब पानी पिला दीजिए."

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याबरोबर गेले. साहेबांनी विचारलं, तुमचं तिथे काय काम. मी काहीतरी पुटपुटले. करोंदला मंडीच्या रस्त्यावर ट्रकांची रांग लागली होती, धूळ नाकातोंडात, आणि अंगणवाडी एका आडवाटेला. निळ्या रंगाची ताजी खोली, दाराशी चकचकीत पंप. रंग अजून उडाला नव्हता. आत पंधरा-वीस पोरं जमिनीवर बसून खिचडी खात होती, प्रत्येकाजवळ पाण्याचा एक स्टीलचा पेला. भाईसाहब बाहेर पंपाचं तोंड ज्योतीने भाजत होते. तोंडावरचे जंतू मरावेत म्हणून नमुना घेण्याआधी तसं करतात, ते मला त्या दिवशी कळलं.

दोन दिवसांनी त्या पाण्याचा निकाल आला: पिण्यास अयोग्य. भाईसाहबांनी जाऊन पंपावर लाल रंग मारला आणि टँकरची सोय होईपर्यंत तिथून हलले नाहीत. पोरं आजारी पडली होती का, असं मी त्यांना विचारलं. "पेट तो बच्चों के चलते ही रहते हैं, मैडम," ते म्हणाले. जुलाब कशाने होत होते, हे आता कोणीच सांगू शकत नाही. मला ते जन्मभर पुरेल.

पण निकालासाठी दोन दिवस थांबायची मला गरज नव्हती. त्या दुपारी अंगणवाडीच्या ताईंनी मला खुर्ची दिली, पंखा माझ्याकडे वळवला, आणि उन्हातून आलेल्या बाईला करतात तसं आधी पाणी आणलं. ग्लास थंडगार होता. मी तो हातात घेतला. आदल्या दिवशीपर्यंत मी सगळ्यांना सांगत होते की आमच्याकडून काही चुकलेलं नाही.

मी ग्लास तोंडाला लावला नाही. तसाच मांडीवर धरून बसले.

ताईंना वाटलं, मी संकोच करतेय. "पी लीजिए, मैडम," त्या हसून म्हणाल्या. "बच्चे भी यही पीते हैं."