"पोरगी आली का?"

"गाल फुगवा, पावणं!" असं म्हणून आम्हा सगळ्यांचे दाढीवाले मामा वस्तरा लावायच्या आधी स्वतःचाच गाल फुगवून दाखवायचे. खाटेवरच्या माणसात तेवढी हवा उरलेली असो वा नसो. गंमत म्हणजे शेजारच्या खाटेवरचा पेशंट, त्याची बायको, पाण्याचा तांब्या घेऊन उभी असलेली मी, अशा सगळ्यांचेच गाल नकळत फुगायचे. तुम्ही तिथं असता तर तुमचाही फुगला असता.

बरं न होणाऱ्या माणसांचे शेवटचे दिवस सुखाचे जावेत म्हणून कसबा बावड्याच्या पुढं, उसाला लागून, आमचं एक केंद्र आहे. तिथं औषधांपेक्षा माणसं जास्त लागतात. मामा दर सोमवारी यायचे, कारण सोमवारी त्यांचं दाढी-कटिंगचं दुकान बंद. मुरगूडहून एस.टी.नं यायचे, पिशवीत वस्तरा, वाटी, ब्रश आणि तुरटीचा खडा घेऊन. कुणी आभार मानले की भडकायचे. "देवाचं काम करतोय व्हय मी? दाढी करतोय की!" तुरटी झोंबली म्हणून शिवी देणारा पेशंट त्यांचा लाडका. "ह्यो आजून हाय," असं सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगायचे.

मी तिथं सेवा करायला लागले ती त्यांच्याच एका वाक्यामुळं.

माझे वडील, अण्णा, त्याच केंद्रात वारले. मी घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलं तेव्हापासून नऊ वर्षं ते माझ्याशी बोलले नव्हते. ते तिथं आहेत हे भावानं कळवलं. मी दोनदा फाटकापर्यंत जाऊन परत फिरले. तिसऱ्यांदा, एका सोमवारी दुपारी, धीर करून आत शिरले तर चादर तोंडावर ओढलेली. मी बाकावर बसले होते. वाटी विसळत असलेला एक माणूस हात पुसत जवळ आला आणि म्हणाला, "ताई, सकाळी दाढी करताना तुमचंच नाव घेतलं ओ त्यांनी. 'पोरगी आली का?' म्हणाले."

माझं नाव त्या माणसाला माहीतच नव्हतं, हे मला तेव्हा सुचलंही नाही.

त्या वाक्यानं मला उभं केलं. आईला मी ते कितीदा सांगितलं असेल! ती डोळे पुसत म्हणायची, "बघ, मनातनं राग गेलाच होता त्यांचा." बंद झालेलं माहेर त्या तीन शब्दांनी उघडलं. मी दर सोमवारी केंद्रात जायला लागले. पेशंटची नखं काढायची, चमच्यानं पाणी पाजायचं, पेपर वाचून दाखवायचा. मामांच्या शेजारी उभी राहून वाटी धरायची.

अशीच दोन वर्षं गेली. एका सोमवारी एक म्हातारे ड्रायव्हर गेले. शनिवारपासून त्यांना शुद्ध नव्हती. माणसं कमी होती म्हणून तिन्ही दिवस मीच उशाशी होते. संध्याकाळी पुण्याहून मुलगा धावत आला आणि दारातच थबकला. मामांनी हात पुसले, त्याच्या जवळ गेले. "दादा, सकाळी दाढी करताना तुमचंच नाव घेतलं ओ त्यांनी. 'पोरगा आला का?' म्हणाले."

पोरगा मामांच्या गळ्यात पडून ढसाढसा रडला. मी हातातली वाटी खाली ठेवली.

तो गेल्यावर मी म्हणाले, "मामा, ते शुद्धीवर तरी होते का?"

"न्हवते की. पर पोरगं झोपंल न्हवं आज?"

"आणि माझे अण्णा?"

"कुठलं ओ अण्णा?"

मी खाट सांगितली, खिडकी सांगितली, अण्णांच्या गालावरचा तीळ सांगितला. त्यांनी खरंच आठवून बघितलं, आणि मान हलवली. "ध्यानात न्हाय बगा, ताई. दर सोमवारी सात-आठ जणांची करतोय. खोटं कशाला बोलू?"

खोटं कशाला बोलू! ते "हो" म्हणाले असते तर मी गिळलं असतं. "नाही" म्हणाले असते तर रडून मोकळी झाले असते. पण त्यांना अण्णाच आठवत नव्हते. अण्णांची दाढी झाली होती एवढंच खरं. गालाला येणारा तुरटीचा वास मी स्वतः घेतला होता. आईला मात्र आता काय सांगणार होते मी? काहीच सांगितलं नाही. म्हणजे खोटं माझ्याही पदरात पडलं.

मी सोमवार सोडून गुरुवार धरला. "ताई रुसल्या व्हय?" असा त्यांनी नर्सबाईंकडून निरोप धाडला. त्या माणसाचं तोंडसुद्धा बघायची इच्छा नव्हती.

चार महिन्यांनी कळलं, मामा घरीच झटक्यानं गेले. न जाणं बरं दिसलं नसतं म्हणून मी मुरगूडला गेले. भिंतीवरच्या फोटोतही त्यांचा एक गाल जरा फुगलेलाच होता. मामींनी चहा दिला, समोर बसल्या, पदरानं हात पुसले.

"ताई, जाताना तुमचंच नाव घेतलं ओ त्यांनी. 'ताई आल्या का?' म्हणाले."

मी "हो का," म्हणाले आणि चहा संपवला. बाहेर आले तर चपलेचा पट्टा काही केल्या लागेना. खरं असेल का हो ते? असेलही. पण ते वाक्य ऐकून रडायची सोय मामांनी माझ्याकडून केव्हाच काढून घेतली होती.