दिवसा पलंग नाही

शुद्धलेखनाच्या चुका असतील, अक्षरही गिचमिड आहे, त्याची आधीच माफी मागते. शाळा चौथीपर्यंतच झाली. हे कुणाला दाखवायचं नाही. पण तोंडावर मला बोलता येत नाही आणि राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहिते.

आमचे हे आयटी कंपनीची बस चालवायचे. हृदय कमजोर झालं, पाय सुजले, धाप लागायला लागली. दवाखान्याचे पैसे थोरल्या दिरांनी उसने दिले आणि त्या दिवसापासून बिबवेवाडीच्या आमच्या दोन खोल्यांत त्यांचा हुकूम चालू झाला.

प्रकृती स्थिरावल्यावर डॉक्टरीणबाईंनी ह्यांना दवाखान्यातल्या व्यायामाला लावलं. छातीला तारा जोडून जागच्या जागी सायकल, मग चालणं. मला समोर बसवून म्हणाल्या, "पायांची सूज गोळ्यांनी उतरली. पण असं हृदय असलं की रक्तात एक दाह धुमसत राहतो, तो वरून दिसत नाही. बेताचा, नेमाचा व्यायाम केला तर तो कमी व्हायला मदत होते. झोपवून ठेवू नका."

दिरांना सांगितलं तर म्हणाले, "डॉक्टरांचं काय जातंय? पैसे माझे लागलेत. पलंगावरून उठायचं नाही."

भेटायला येणाऱ्यांचीही तीच तऱ्हा. आजारी माणूस त्यांना आडवाच दिसायला हवा. हे गॅलरीत फेऱ्या मारताना दिसले तर मामेसासूबाई म्हणाल्या, "बरे आहात की. आम्ही उगाच रिक्षा करून आलो." दिरांना त्याची लाज वाटली. मग बेल वाजली की ह्यांनी पलंगावर पडून चादर ओढून घ्यायची, असं ठरलं. माणसं बाकरवडी आणायची, मीठ बंद असलेल्या माणसापुढे स्वतःच खायची आणि तास तास बसायची. ह्यांचा व्यायाम बुडायचा. दवाखान्यातही जाणं सुटलं. पुन्हा न्हाणीघरापर्यंत जाताना धाप लागू लागली, तेव्हा माझं डोकं फिरलं.

एका सकाळी मी गादी गुंडाळून कोपऱ्यात उभी केली. पलंगावर परात, पोळपाट, पिठाचे डबे मांडले. दीर आले, बघतच राहिले.

"हा झोपणार कुठे?"

"रात्री झोपतील," मी म्हणाले. लग्न झाल्यापासून त्यांना दिलेलं पहिलं उत्तर.

"मग माझे पैसे टाका."

आयटीतली मुलं आसपास खोल्या घेऊन राहत होती. त्यांना मी पोळीभाजीचे डबे विकत देऊ लागले. हे पुन्हा दवाखान्यात जायला लागले आणि डॉक्टरीणबाईंना विचारून गल्लीतले डबे पायी पोचवू लागले. दर महिन्याला दिरांकडे पैसे जायचे. ते मोजून घ्यायचे, ह्यांना कसं आहे ते मात्र विचारायचे नाहीत.

शेवटच्या हप्त्याला मी ह्यांनाच बरोबर नेलं. दिरांचं घर स्वारगेटजवळ, दुसऱ्या मजल्यावर. हे मधे थांबत, कठड्याला धरून चढले. दारात उभे राहिले तेव्हा बोलण्यापुरता श्वास त्यांच्याजवळ होता.

"दादा, मोजून घे."

दिरांनी खरंच मोजले, दोनदा. सगळे फिटले होते.