केळी न खाणारी फुई

आमच्या घरी 'या, बसा' कुणी म्हणत नाही, सरळ केळी पुढे करतात. फैजपूरच्या बाहेर आमचं वावर आणि वावराच्या तोंडाशीच घर. पोस्टमन येवो, वायरमन येवो, रस्ता चुकलेला ट्रकवाला येवो, नथ्थू आबा, म्हणजे माझे आजोबा, खाटेवरून न उठता ओरडणार, "मयुरे, फणी आन!" पाहुणा म्हणणार, एक बस. आबा म्हणणार, "एक? एक तं माकडबी नही खात!" हे वाक्य मी आबांच्या आवाजात, शेवटच्या खोकल्यासकट म्हणते. एकदा मी स्वयंपाकघरातून म्हटलं आणि ओट्यावर बसलेल्या वायरमननं घाबरून दुसरं केळं सोललं.

आमच्या बोलीत ळ नाही. केळी म्हणजे केयी, डाळ म्हणजे डाय, शाळा म्हणजे शाया. हे माझ्या कानाला दाखवून दिलं फुईनं. फुई म्हणजे आत्या, पप्पांच्या पाठची. तेव्हा आम्ही तिला काका म्हणायचो. जुनं नाव लिहीत नाही, तिला ते आवडत नाही. ती तेव्हाही कामिनीच होती, कळायचं आम्हाला राहिलं होतं.

उन्हाळ्यात भर दुपारी केळीच्या बागेत शिरलं की गार, ओलं, हिरवं हिरवं. वाळलेल्या पानांवर बसून आम्ही दोघी अख्ख्या घराच्या नकला करायचो. माझी आबांची, तिची माझ्या आईची. आईचं बोलणं काढताना ती डोक्यावर नसलेला पदर पुढे ओढायची, आणि मला तो पदर दिसायचा, काठासकट. हसून हसून पोट दुखायचं. ती दुपार आता कुठे मिळणार? बाग आहे, पानं आहेत, पण मी आता बारावीत आहे आणि फुई कधीचीच धुळ्याची झाली.

धुळ्याला ती भंवरीबाईंच्या साड्यांच्या दुकानात होती. साडीच्या दुकानात पुरुष सेल्समननं साडी स्वतःच्या अंगावर लावून दाखवायची, यात कुणाला काही वाटत नाही. फुईनं निऱ्या घेतल्या की आख्खं दुकान बघत राहायचं. खेड्यावरच्या बाया भाव विचारायच्या, "हाई कितलानी शे?" आणि गल्ल्यावरून भंवरीबाई म्हणायच्या, "आरे, पहले देखो तो सही! आमच्या पोऱ्याच्या अंगावर काय शोभते!" फुई सांगते, तिचं सगळ्यात आधी भंवरीबाईंनाच कळलं. दुकान बंद करताना त्यांनी एक साडी तिच्या हातावर ठेवली आणि म्हणाल्या, "ही घडी नको घालू. घरी नेऊन नेस."

मी दहावीत होते त्या दिवाळीला फुई घरी आली आणि तिनं केळं नाही म्हटलं.

आमच्या घरात हे कधी घडलं नव्हतं. आबांनी फणी पुढे केली, फुईनं हात मागे घेतला. आबांनी सोलून दिलं, फुई म्हणाली, "नको आबा, पोट भरलंय." संध्याकाळी पुन्हा नको. दुसऱ्या दिवशी पुन्हा नको. आबांनी माझ्या आईला बाजूला घेतलं आणि खालच्या आवाजात, म्हणजे शेजारच्या वावरात ऐकू जाईल असं विचारलं, "त्याले शुगर झाली का?"

झालं. त्या दिवसापासून घरातल्या साखरेवर बंदी. "पोरगं तिकडे फिका च्या पेते अन् आपून इकडे गोड पिऊ? नही. बठ्ठे फिका पेतीन!" आई, पप्पा, मी, कापणीची माणसं, सगळे फिका चहा प्यायलो. आबा स्वतः पहिला घोट घ्यायचे तेव्हा त्यांचं तोंड कारल्यासारखं व्हायचं. ते तोंड मला अजून जमत नाही.

खरं कारण मला उन्हाळ्यात कळलं. दहावीची परीक्षा संपवून मी धुळ्याला फुईच्या खोलीवर गेले होते. ती दंडाला काहीतरी चोळत होती. मी म्हटलं, "फार डास आहेत का गं इथं?" 'गं' तोंडातून कसं निघालं मला माहीत नाही. फुई हसली, मग रडली, मग तिनं सगळं सांगितलं. दंडावरचं ते जेल म्हणजे बाईचं हार्मोन. गोळीपेक्षा जेलनं रक्तात गाठी व्हायची भीती कमी, म्हणून नाशिकच्या डॉक्टरीणबाईंनी जेल दिलं होतं. सोबत एक गोळी, पुरुषी हार्मोन अडवणारी. त्या गोळीनं रक्तातलं पोटॅशियम वाढू शकतं. फुईचं थोडं वाढलंही, आणि केळ्यात तेच भरपूर. डॉक्टरीणबाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "केळी जरा बेतानं खा हं."

"मग बेतानं खायची ना," मी म्हटलं.

"आपल्या घरी? बेतानं?" फुई म्हणाली.

एक तं माकडबी नही खात.

रस्ते तीन होते. गोळी चालू ठेवायची आणि रक्त तपासत राहायचं. किंवा लहान ऑपरेशन करायचं, अंडकोश काढायचे, म्हणजे पुरुषी हार्मोन बनवणारी जागाच जाते आणि ती गोळी लागत नाही. जेल मात्र राहतं. किंवा मोठं ऑपरेशन, पूर्ण बाईसारखी रचना करणारं. त्याला कित्येक महिने विश्रांती, आणि पुढे आयुष्यभर निगा. फुई बोलता बोलता साड्यांच्या घड्या घालत होती. "मोठं नको गं. आत्ता तरी नको. आरशात बघताना मला त्याची उणीव वाटत नाही. गोळी मात्र रोज सकाळी आठवण करून देते की अडवायचंय, अडवायचंय. ते एकदा संपावं वाटतं." मग थांबून म्हणाली, "पण लहान ऑपरेशन केलं की स्वतःचं मूल कधीच नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आधी बीज साठवून ठेवता येतं. मी खूप विचार केला. नको. तू आहेस की."

"मग अडलंय कुठं?"

"आबांपाशी. त्यांना न सांगता मी टेबलावर झोपणार नाही. अन् सांगितल्यावर त्यांनी घरी येऊ नको म्हटलं, तर?"

ती सांगायची वेळ आबांनीच आणली. जळगावला शुगरचा कुणी मोठा डॉक्टर आहे म्हणून त्यांनी फुईला धुळ्याहून बोलावून घेतलं आणि धरून नेलं, मलाही बरोबर घेतलं. रिपोर्ट आला: शुगर अगदी व्यवस्थित. आबा इतके खूष! दवाखान्याच्या पायरीवरच बसले, पिशवीतून केळं काढलं, सोललं आणि फुईच्या तोंडापाशी नेलं. "नार्मल हाये! आता खाय!"

फुईनं ते केळं हातात घेतलं आणि सांगितलं. मी बाई आहे आबा. गोळीचं सांगितलं, ऑपरेशनचं सांगितलं. आबा ऐकत होते. मग म्हणाले, "पोरंबायं?"

"होणार नाहीत, आबा."

आबांनी केळ्यांच्या पिशवीचं तोंड बांधलं. मग एकदम म्हणाले, "अन् तू मले इतके दिवस फुकट फिका च्या पाजला?"

मला हसू आलं, पण आबा हसत नव्हते. ते उठले आणि आमच्याकडे न बघता बसस्टँडकडे चालू लागले.

त्यानंतर त्यांनी फुईचं नाव घेतलं नाही. घरात साखर परत आली, पण चहा गोड लागेना. फुईनं ऑपरेशनची तारीख पुढे ढकलली, पुन्हा ढकलली. मृगबाग, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाची केळी, लावून झाली आणि एका सकाळी आबा मला म्हणाले, "फोन लाव. विचार, नाशिकले जायाचं कवा हाये. एकटंच जाईन का ते? दवाखान्यात संगं कोन?"

आम्ही तिघं गेलो. फुई निळ्या काठाच्या साडीत, आबा धुतलेल्या टोपीत. दोघं रस्ताभर केळीच्या भावावर बोलले, दुसऱ्या कशावरच नाही. दवाखान्यात बाकावर बसलो. सिस्टर दारात आली आणि नाकातल्या सुरात हाक मारली, "कामिनी झांबरे!"

फुई उठली. आबाही उठले.

"बाई, अर्धंच नाव काबर घेता?"

"आजोबा, आमच्याकडे एवढंच दिलंय."

आबांनी फुईकडे बघितलं. फुई खाली बघत होती. "बापाचं नाव नही दिलं?"

"तुम्हाला चालेल की नाही, माहीत नव्हतं," ती म्हणाली.

आबा खोकले. मग वावराच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल अशा आवाजात सिस्टरला म्हणाले, "मधी नथ्थू लिवा. अन् आता पुन्हा बोलवा, पुरं!"

सिस्टरनं पेन काढलं, लिहिलं, आणि आख्ख्या व्हरांड्याला ऐकू जाईल अशी हाक मारली, "कामिनी नथ्थू झांबरे!"

"हो," फुई म्हणाली, आणि आत गेली.