आयच्या लुगड्याचा तुकडा

मॅडमनी माझ्या पाठीवर सेंट मारला.

मी त्यांच्या बंगल्याच्या हॉलमध्ये वाकून गोधड्या मांडत होते. मुंबईचे पाहुणे यायची वेळ झाली होती. मागून फुस्स आवाज आला आणि मानेवर गार पडलं. मी दचकून वळले. तशी त्यांनी बाटली पुढे धरली आणि पुढूनही मारला. पदरावर, हातांवर, काखेच्या बाजूला.

"हलू नकोस गं. बोंबलाचा वास मारतोय. लोक येतायत."

त्यांची मुलगी खुर्चीत बसली होती. बाळंतपणाला माहेरी आलेली, पोट पुढे आलेलं. ती हसली. मॅडम हसल्या. मीही हसले. त्या हसण्याची मला आजही किळस येते.

मार्गशीर्ष चालू होता. महिनाभर आमच्या घरात मासळी शिजली नव्हती. सकाळी डोक्यावरून अंघोळ करून, धुतलेली साडी नेसून मी निघाले होते. मग वास कुठला? वास त्यांच्या डोक्यात होता. मी कोणाची मुलगी हे त्यांना ठाऊक होतं, आणि तेवढं त्यांच्या नाकाला पुरत होतं.

माझं माहेर वाढवणच्या अंगाला, समुद्राला लागून. बाप होडीवर जायचा. आय सुकट विकायची. डोक्यावर टोपली घेऊन जीपने कासाच्या बाजाराला, तिथून पायी पाड्यापाड्यात. मी लग्न होऊन आशागडजवळच्या पाड्यावर आले. नवरा डहाणू रोड स्टेशनला रिक्षा चालवतो. पालघर वेगळा जिल्हा झाला त्या सुमाराला मी घरीच शिवणकाम सुरू केलं. गोधड्या, उशांचे अभ्रे, पलंगपोस. पडवीत मशीन, ओटीवर कापडांचे गठ्ठे. शेजारच्या पाड्यातली लखमी माझ्यासोबत बसायची. लखमी वारली समाजातली. मशीनला हात लावायची नाही, म्हणायची, "ही बया बोट खाईल." हाताचा धावदोरा मात्र एवढा सरळ की मी फूटपट्टी लावून पाहिली असती तर मलाच लाज वाटली असती.

या मॅडमचा आमच्यापासून जवळच चिकूच्या वाडीत बंगला. शनिवार-रविवार यायच्या. मुंबईत त्यांचं दुकान. आमचा सगळा माल त्यांच्याच दुकानात जायचा. त्या नाहीत तर कोणी नाही, अशी गत. आणि हे त्यांना आमच्यापेक्षा जास्त चांगलं माहीत होतं.

म्हणून सगळं सहन केलं. आम्ही नेलेली गोधडी आधी मागच्या तारेवर दोन दिवस लटकायची, मग घरात जायची. आम्हाला पाणी मागच्या नळावर, तिथे ठेवलेल्या एका पोचे आलेल्या ग्लासातून. तो ग्लास कधी आत गेलेला मी पाहिला नाही. लखमीला तर मागच्या दाराची पायरीही चढायची मुभा नव्हती. ती बाहेर पेरूच्या झाडाखाली बसून असायची. मला माल मांडायला आत घेतलं जायचं, तेही पाय धुऊन. मी तेवढ्यावर मनात मोठेपणा मानायचे, हे आणखी घाणेरडं.

एकदा दुकानातल्या गोधडीला लावायची चिठ्ठी मॅडमनी मला दाखवली. छान जाड कागद. त्यावर माझ्या हातांचा फोटो. नुसते हात, तोंड नाही. खाली छापलं होतं, 'गावच्या मातीचा सुगंध'.

माती चालते. मातीत हात घालणारी बाई जवळ आली की सेंटची बाटली शोधतात.

आता त्या दिवसाचं सांगते. पण आधी बाळाच्या गोधडीचं सांगायला हवं.

आमच्यात तान्ह्या बाळाला नवीन कापडावर निजवत नाहीत. नवं कापड टोचतं. घरातल्या बायांची वापरून मऊ झालेली लुगडी घेतात, त्यांची गोधडी करतात. आणि गोधडीच्या पोटात, दोन थरांच्या मध्ये, एक तुकडा घालतात. जिच्या हातावर पोरं जगली, वाढली, अशा म्हाताऱ्या बाईच्या लुगड्याचा. मग बाळ झोपेत दचकत नाही म्हणतात. रिकाम्या पोटाची गोधडी बाळाला देऊ नये, असं आय सांगायची.

आय गेली तेव्हा तिचं लाल चौकडीचं एक लुगडं मी मागून घेतलं. बाकी काही मागितलं नाही. नात्यात, पाड्यात कोणाकडे बाळ झालं की त्यातला वीतभर कापायचे. लखमीच्या दोन्ही पोरांच्या गोधडीत आयचा तुकडा आहे. लखमी बाळंत झाली तेव्हा आय जिवंत होती, तुकडा तिनेच फाडून दिला होता. तिने टोपलीतली चांगली सुकट निवडून तिच्या झोपडीत नेऊन दिली होती, आणि पोराला तेल लावून शेकूनही आली होती. असं करत करत लुगडं संपत आलं. शेवटी रुमालाएवढं राहिलं.

मॅडमच्या मुलीला दिवस गेले, तेव्हा मॅडमनी मला तीन साड्या दिल्या. पांढऱ्या, मलमलीसारख्या मऊ, बारीक काठाच्या. म्हणाल्या, "माझ्या आईच्या आहेत. ती जाऊन वर्ष झालं. माझ्या नातवासाठी यांची गोधडी कर. अगदी जपून हं." बोलताना त्यांचे डोळे भरले. मला वाईट वाटलं. वाटलं, बाई कशीही असली तरी आईसाठी रडतेय.

मी गोधडी केली. आणि पोटात आयच्या लुगड्याचा तुकडा घातला. विचारलं नाही. कालवणात मीठ घालताना कोणी विचारतं का? बाळाची गोधडी होती. बाळ कोणाचं का असेना, दचकू नये. उरलेल्या रुमालाएवढ्यातून अर्धा कापला. कापताना हात थबकला होता, खोटं कशाला बोलू. तरी कापला.

तर त्या दिवशी पाहुणे आले. मोठ्या गाड्या, पांढरे कपडे. बायांनी अभ्रे हातात घेतले, पलंगपोसावर हात फिरवला, वा वा केलं. मी भिंतीला टेकून उभी. माझ्याच अंगाचा मोगऱ्याचा वास मला सहन होत नव्हता.

मॅडमनी शेवटी बाळाची गोधडी आणली. "ही विकायची नाही हं. ही माझ्या आईच्या साड्यांची. माझ्या नातवाला." सगळ्या बाया हळहळल्या. एका गुजराती आजीबाईंनी ती हातात घेतली आणि व्हरांड्याच्या उजेडात धरली. पांढऱ्या कापडातून आतला लाल चौकोन दिसला.

"अंदर आ लाल लाल शुं छे?"

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. आणि मी, मूर्ख, आनंदाने पुढे झाले. सगळं सांगितलं. पोरं वाढवलेली बाई, पोटातला तुकडा, न दचकणारं बाळ. आजीबाई मान डोलावत होत्या. त्यांना आवडलं असावं.

मॅडमनी विचारलं, "कोणाचं लुगडं?"

"माझ्या आयचं."

"ती सुकट विकायची ती?"

"हो."

"ती तर मेली ना?"

मॅडमच्या मुलीने गोधडीच्या काठावर ठेवलेला हात मागे घेतला आणि साडीला पुसला. "ई, मम्मा!" मॅडमनी आजीबाईंच्या हातातून गोधडी दोन बोटांत धरून घेतली आणि लादीवर टाकली. माझ्या पायाजवळ. मेलेला उंदीर टाकतात तशी.

इथून पुढे सांगताना मी तिला अहो-जाहो करणार नाही.

ती आत गेली. कात्री घेऊन आली. ती पण लादीवर टाकली.

"बस खाली. आत्ताच्या आत्ता उसव आणि ती घाण बाहेर काढ. मागे नेऊन जाळ. आणि माझ्या आईच्या साड्या डेटॉलमध्ये बुडव. नाहीतर उद्यापासून तुमचं काम बंद."

पाहुणे बघत होते. एकीने हातातला अभ्रा हळूच खाली ठेवला आणि बोटांकडे पाहिलं. चहाचे कप वाजले. आजीबाईंनीही कप उचलला.

मी लादीवरच्या गोधडीकडे पाहिलं. मला भीती वाटली नाही, अपमानही वाटला नाही. अपमान रोजचाच होता, त्याची सवय झाली होती. ही शुद्ध किळस होती. दोन मेलेल्या बाया त्या गोधडीत एकमेकींना बिलगून होत्या. दोघींनी पोरं वाढवली. दोघींचं कापड अंगावर झिजून मऊ झालेलं. आणि एकीची आठवण, एकीची घाण. ज्या तोंडाने ही बाई माझ्यासमोर आईसाठी रडली, त्याच तोंडाने माझ्या आयला जाळायला सांगत होती.

मी म्हणाले, "वरची साडी पण मेलेल्या बाईचीच आहे."

"काय म्हणालीस?"

मी परत म्हणाले. मोठ्याने. पाहुण्यांना ऐकू जाईल असं.

मग मी कात्री उचलली आणि खाली बसले. तिला वाटलं, वठणीवर आले. मी कडेचा टाका तोडला. दोरा ओढला. दुसरा तोडला. ओढला. नुसता मधला भाग उसवत नव्हते. सगळी गोधडी उसवायला घेतली होती.

"एवढं नको. फक्त तो तुकडा काढ."

"टाके माझे आहेत. ते मी नेणार."

मागच्या दारात सावली आली. लखमी. आवाज ऐकून पेरूखालून उठून आली असावी. पायरी चढली. आत आली. तिचे पाय धुळीने भरलेले, आणि त्या पांढऱ्या लाद्यांवर एकेक पाऊल उमटत गेलं. मॅडम ओरडली, "ए, तू कुठे आत!" लखमीने तिच्याकडे पाहिलंही नाही. माझ्यासमोर मांडी घालून बसली.

"आयचं लुगडं कोण जाळतंय?"

"कोणी नाही."

"मग तू तिकून उसव, मी इकून."

आम्ही उसवत राहिलो. ती बाई आधी ओरडली, मग मुलीला म्हणाली, हिला बाहेर काढायला कोणाला तरी बोलव. कोणी उठलं नाही. आमच्या दोऱ्यांचा ढीग वाढत गेला. शिवताना आम्ही दिवसचे दिवस घालवले होते. उसवायला फार वेळ लागत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

शेवटी थर सुटे झाले. पांढऱ्या साड्यांच्या मी नीट घड्या घातल्या. काठाला काठ जुळवून. त्या बाईच्या आईचा माझ्याशी काही वाद नव्हता. घड्या टेबलावर ठेवल्या.

"तुमच्या आईचं तुमच्याकडे. माझ्या आयचं माझ्याकडे."

लाल तुकडा पदरात बांधला. मांडलेल्या सगळ्या गोधड्या, अभ्रे, पलंगपोस आम्ही दोघींनी गोळा केले आणि गाठोडी बांधली. एक पाहुणी तिला आवडलेली गोधडी हातात घेऊन बसली होती. मी हात पुढे केला. तिने दिली. आणि आम्ही निघालो. पुढच्या दाराने.

वाडीच्या कुंपणाबाहेर गेल्यावर मला उलटी झाली. आंबट काही नव्हतं, सकाळपासून पोटात काही नव्हतंच. सेंटचाच वास घशातून वर येत होता. लखमी पाठीवर हात फिरवत होती. मी ते ब्लाऊज घरी जाऊन धुतलं, उन्हात टाकलं, परत धुतलं. मोगरा जाईना. शेवटी त्याचं भांडी घासायचं फडकं केलं.

मग काम बंद. ती म्हणाली होती तसंच झालं. मशीनवर चादर टाकून ठेवली. नवरा म्हणाला, "एवढासा तुकडा होता, काढून द्यायचा होता." तो वाईट माणूस नाही. पण मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. लखमी भातझोडणीला मजुरीवर जायला लागली. माझ्यामुळे तिचं काम गेलं, असं मी तिला म्हटलं, तर ती चिडली. "मी काय तुझ्या पदराला बांधून आत आले होते? माझी मी आले."

उन्हाळा लागायच्या आधी त्या वाडीचा माळी आमच्या दारात आला. निरोप घेऊन. "मॅडम म्हणतात झालं गेलं विसर. दुकानात माल नाही, लोक विचारतात. परत ये. फक्त ते आतमध्ये काही घालू नको."

फक्त. मी त्या 'फक्त'कडे बघत राहिले. अजूनही तिला माझे हात हवे होते. फोटोतल्यासारखे. हातांच्या मागची बाई नको, बाईच्या मागची आय तर नकोच.

माळ्याला पाणी दिलं. आमच्या घरात होता त्या चांगल्या ग्लासातून. आणि सांगितलं, "त्यांना सांग, मी येणार नाही. आणि माझे हात असलेला फोटो चिठ्ठीवरून काढा."

आता आम्ही कासाच्या बाजारात बसतो. तलासरीलाही जातो. ताडपत्री टाकून, जमिनीवर. पूर्वीइतका माल खपत नाही, खोटं बोलणार नाही. कधी कधी सगळी गाठोडी तशीच जीपच्या टपावरून परत येतात. आणि मनातली किळस गेलेली नाही. कोणी सेंट मारलेली बाई जवळ आली की अजून घशाशी येतं. ती किळस जावी अशी माझी इच्छाही नाही. ती गेली तर मी परत हसायला लागेन.

एक बदल आम्ही केला. तो तुकडा आता पोटात घालत नाही. वर लावतो. मधोमध, उघड, चारी बाजूंनी धावदोरा घालून. आणि नुसत्या बाळाच्या गोधडीला नाही, सगळ्या. आयचं लुगडं संपलं. आता लखमीच्या सासूचं चालू आहे. ती भात लावायची, नाचणी दळायची, नऊ पोरं वाढवलीन. ते संपलं की माझ्या साडीचा तुकडा लावीन. कोणी विचारलं, हा कसला, तर मी नाव सांगते, गाव सांगते, काय काम करायची ते सांगते. सुकट विकायची हे आधी सांगते.

बऱ्याच बाया ऐकून घेतात. काही घेतातही. आणि एखादी नाक मुरडते. मग मी तिच्या हातातून गोधडी काढून घेते, घडी घालते, गठ्ठ्यात ठेवते. भाव करत नाही, समजावत नाही.

ज्याला आमची किळस येते, त्याने थंडीत उघडं झोपावं.