वरून आलेला नियम

नोकरीची दोनच वर्षं झाली होती, आणि हिंगणघाटकडच्या त्या उपकेंद्रात मी एकटी नर्स म्हणजे स्वतःला राणीच समजत होते. कळा सोसणाऱ्या पोरी मात्र ऐकायच्या गावातल्या म्हाताऱ्या दाईचं. मी म्हणायचे, आडवी हो, जोर लाव. ती म्हणायची, थांब, जराशी चाल. आणि पोरगी उठून चालायला लागायची. माझ्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. त्यात म्हातारीचंच बरोबर निघायचं, त्यानं तर जास्तच.

एका सकाळी मी तिला सांगून टाकलं, मावशी, वरून नियम आलाय, दाईनं यापुढे बाळंतपणाला हात लावायचा नाही, इथंही नाही आणि घरीही नाही. वरून काहीएक आलं नव्हतं. पण आमच्या खात्यात ‘वरून आलंय’ म्हटलं की कुणी कागद मागत नाही, आणि तिला तर वाचताही येत नव्हतं. बरं म्हणाली आणि गेली. पुढच्या वर्षी माझी पुलगावकडे बदली झाली.

त्याला बरीच वर्षं झाली. परवा आम्हा काही नर्सना सुईणपणाच्या नव्या प्रशिक्षणाला बोलावलं. तिथं शिकवलं काय, तर बाईला चालू द्या, घाई करू नका, तिच्या विश्वासाचं माणूस जवळ राहू द्या. सोनारानं टोचले तेव्हा कुठं माझे कान टोचले गेले. लाज वाटली. सुटी बघून मी त्या गावाची बस धरली, खरं सांगून माफी मागायची म्हणून.

दाईनं चहा ठेवला. मी ‘मावशी, तो नियम’ एवढंच म्हटलं, तर तीच बोलू लागली. माझी बदली झाल्यावर एका पावसाळ्यात नाल्याला पूर होता, नवी नर्स पलीकडे अडकली होती. शेजारची पोरगी अडली. तिची सासू तीनदा बोलवायला आली, पण ही गेली नाही. पोरगी वाचली, बाळ गेलं.

“नियम होता म्हून मी नाई गेली,” ती म्हणाली. “पण गेली असती तं लेकरू वाचलं असतं. माह्यं चुकलं का, बाई?”

माझं पाप ती इतकी वर्षं स्वतःचं समजून वाहत होती. एका वाक्यात मला ते उतरवता आलं असतं.

“नाही मावशी, तुमचं कसं चुकेल,” मी म्हटलं. “नियमच होता.”

मग तिनं दिलेला चहा मी प्यायले.