संध्याकाळच्या खिडक्या

म्हैसूरजवळ हिनकलच्या पुढे आई-अप्पांसाठी घर बांधायचं ठरलं, तेव्हा मी आधी तिथल्या वर्षभराच्या हवामानाचा अभ्यास केला. लोक आधी टाइल्स बघतात, मी तापमान बघते; इमारतीत हवा कशी खेळेल याचे हिशेब करणं हा माझा व्यवसायच. म्हैसूरला एप्रिलच्या दुपारी अंगाची लाही होते, पण रात्री हवा गार पडते. म्हणून दिवसा घर बंद ठेवायचं आणि ऊन उतरलं की खिडक्या उघडून रात्रीची हवा आत घ्यायची. भिंती जाड केल्या. गरम हवा वर चढून बाहेर जावी म्हणून जिन्याच्या माथ्याशी एक झडप ठेवली. पंख्याची फारशी गरज पडणार नाही, असं कॉम्प्युटरवरचा हिशेब सांगत होता.

आणि खरंच पडली नाही. अप्पांना तर हे कुणाला तरी ऐकवल्याशिवाय कॉफी गोड लागत नसे. सरस्वतीपुरमहून त्यांच्या शाळेतले जुने सहकारी स्कूटरवरून येत, तेव्हा अप्पा त्यांना भिंतीला हात लावायला लावत आणि निम्म्या कानडीत सांगत, "मुलीनं बांधलंय. आपोआप गार राहतं, नोडी, बघा." आई तेवढ्यात कप उचलून आत जायची.

मागच्या थंडीत आई गेली. ध्यानीमनी नसताना, हृदयविकाराने. अप्पा एकटे राहिले आणि मी दर शनिवारी बंगळूरहून जाऊ लागले.

एप्रिल लागला तसे त्यांचे फोन सुरू झाले. "काय सेके आहे गं, रात्रभर उकडतं, डोळ्याला डोळा नाही. घराला काहीतरी झालंय." पुढच्या फोनवर म्हणाले, "हे घर विकून टाकू. मला इथं राहवत नाही." मला आधी रागच आला. माझं घर, आणि उकडतं? मग भीती वाटली. ते वाळत चालले होते, आणि या वयात घर सुटलं तर ते कुठेच रुजणार नाहीत, हे मला कळत होतं.

शनिवारी दुपार कलल्यावर पोचले. दार उघडताच आतली धग तोंडावर आली. सगळ्या खिडक्या बंद, कड्यांवर धूळ. थंडीत त्या बंदच असतात, म्हणून आधी माझ्या लक्षात आलं नव्हतं. वरची झडपही बंद.

"अप्पा, खिडक्या उघडत नाही तुम्ही?"

"कशाला? घर आपोआप गार राहतं म्हणालीस ना?"

"ऊन उतरलं की उघडायच्या असतात. आई उघडायची."

"रोज?"

"रोज. आणि सकाळी ऊन चढायच्या आत लावायची."

त्यांनी मान वर करून जिन्याकडे पाहिलं. "ती वरची पण? तसल्या गुडघ्यांनी?"

मी हो म्हटलं. आई असताना संध्याकाळी अप्पा फिरायला जात आणि परत येईपर्यंत घरात वारा खेळत असे. उघड्या खिडक्या त्यांनी पाहिल्या असणारच. त्या कुणीतरी उघडतं, हे मात्र कधी डोक्यात आलं नव्हतं. आमच्या हिशेबातही खिडक्या किती वाजता उघडतील एवढंच भरायचं असतं. कोण उघडणार, ते कुणी विचारत नाही.

"मला कधी सांगितलं नाही तिनं," अप्पा म्हणाले.

त्या संध्याकाळी त्यांनी एकेक खिडकी स्वतः उघडली. कडी कुठल्या बाजूला फिरते हेही त्यांना ठाऊक नव्हतं. धापा टाकत जिना चढले आणि झडप उघडली. जेवणं होईपर्यंत पश्चिमेचा वारा घरभर फिरू लागला. गच्च कोंडलेलं घर मोकळं झालं. मला मनापासून बरं वाटलं. म्हटलं, आता झोपतील, आता विकायचं नाव काढणार नाहीत.

अप्पा पलंगावर बसून स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होते.

"आता गार झालं ना?" मी विचारलं.

"झालं. अगदी ती असताना व्हायचं तसं." त्यांनी दारावरची नजर काढली नाही. "आता पदराला हात पुसत बाहेर येईल, असं वाटतंय. पुरे, पुरे. बंद कर गं. मला नाही सोसत."

मला रडू आवरेना. तशीच उठले, जिना चढून झडप लावली, मग खाली येऊन एकेक खिडकी. सोमवारी दुकानात जाऊन अप्पांच्या खोलीसाठी एसी घेतला.