एस्तेरची दीक्षा आणि माझा जळफळाट : डहाणू ते तलासरी

लोक डहाणूला चिकूसाठी जातात, समुद्रासाठी जातात. मी गेले ती पोटात दुखत होतं म्हणून. नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. चर्चमधली रविवारची उपासना संपली होती, मी प्रभुभोजनाचे पेले धुऊन पुसत होते. आमचे पाळकसाहेब निघता निघता म्हणाले, "नलिनीबाई, कळलं का? तुमच्या वर्गातल्या एस्तेरबाईंना डहाणूला दीक्षा मिळतेय. पाळक होणार त्या." मी म्हटलं, वा, छान. हातातला पेला फुटला नाही एवढंच.

एस्तेर आणि मी पुण्याला धर्मशिक्षण बरोबर घेतलं. वर्गात पहिली मी. ती ग्रीकच्या तासाला डुलक्या काढायची आणि परीक्षा आली की माझ्या खोलीत येऊन बसायची. पुढे मी नाशिकला सेविका झाले, ती डहाणूला. सेविकेने आजाऱ्यांना भेटायचं, महिला मंडळ चालवायचं, वेळ पडली तर उपदेशही करायचा. पण बाप्तिस्मा द्यायचा नाही आणि प्रभुभोजनाची भाकर मोडायची नाही. ते दीक्षा घेतलेल्या पाळकाचं काम, आणि पाळक म्हणजे पुरुष. मी आमच्या मंडळीच्या पंचायतीकडे दीक्षेसाठी अर्ज केला, तेव्हा "काम तर तुम्ही करताच आहात, मग दीक्षा कशाला?" म्हणून त्यांनी तो बाजूला सारला. दुसरा अर्ज नाताळाआधीच्या बैठकीत यायचा होता. आणि तेवढ्यात ही एस्तेर. डुलक्या काढणारी.

नाशिकहून जायचं तर त्र्यंबक, मोखाडा, जव्हार करत जाणारी एसटी घ्या. तेव्हा हाडं खिळखिळी व्हायची, आता रस्ता बरा आहे म्हणतात. जव्हारला गाडी चहाला थांबते तिथे चहावरच भागवा, कारण पुढे घाटात वळणंच वळणं आहेत. चारोटी नाक्याला हायवे ओलांडला की हवा बदलते. रानशेत, गंजाड मागे पडतं, भात काढून मोकळी झालेली शेतं दिसतात, सरावलीच्या पुढे चिकूच्या वाड्या सुरू होतात. डिसेंबरातला उतरत्या उन्हाचा तो रस्ता सुंदर होता, आणि तो रोज एस्तेरच्या वाट्याला येतो म्हणून मला तोही सोसवेना.

डहाणू रोडला ती घ्यायला आली ती पुरुषी सायकल घेऊन. उन्हाने रापलेली, पहिल्यापेक्षा बारीक, पण हसणं तेच. बाजारातून चाललो तर दर चार पावलांवर कुणीतरी थांबवायचं. फरसाणवाला गुजराती म्हातारा दीक्षेला यायचं कबूल करत म्हणाला, "बेन, रविवारे अमे पण आवशुं हां." मासळीवालीने तिच्या पिशवीत बोंबील कोंबले. मी नाशकात इतकी वर्षं काढली, पण भाजीवाला मला "ओ ताई" यापलीकडे काही म्हणत नाही.

माझी उतरायची सोय रेल्वेतल्या सॅमसनरावांच्या क्वार्टरमध्ये होती. ते मंडळीच्या पंचायतीत होते आणि दीक्षेच्या साफ विरोधात. ताटं मांडल्या मांडल्या त्यांनी सुरुवात केली.

"शास्त्रात बायकांना मंडळीत गप्प बसायला सांगितलंय. आणि मला एक सांगा, महिन्यातले चार दिवस ही प्रभूच्या मेजाशी कशी उभी राहणार?"

त्यांची बायको मार्थावहिनी भात वाढत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "त्या चार दिवसांत तुम्हाला कोण वाढतं?"

सॅमसनराव आमटी ओतून घेत राहिले. मग माझ्याकडे वळले. "नलिनीबाई, एस्तेरबाई म्हणतात तुम्ही वर्गात पहिल्या. तुमचं काय मत?"

झालं. मी सुरू झाले. पहिल्या मंडळ्यांमध्ये कोणकोणत्या बायका काम करत होत्या, रिकाम्या कबरेची बातमी सांगायला कुणाला धाडलं, गप्प बसा हे कुणाला आणि कशासाठी लिहिलं. पंचायतीपुढे बोलायला म्हणून मी हे सगळं घासूनपुसून ठेवलं होतं, पण तिथे मला कुणी बोलूच दिलं नव्हतं. सॅमसनराव जेवायचे थांबले. वहिनी दारात उभ्या राहून ऐकत होत्या. शेवटी ते म्हणाले, "बोलता बुवा तुम्ही. पण खरं सांगू? आम्ही होकार दिला तो काही दाखले ऐकून नाही. आमचा नाइलाज झाला. उद्या दीक्षा होऊ दे, परवा तलासरीला जा, म्हणजे कळेल." इतकी मेहनत करून बांधलेली शिदोरी मी एस्तेरच्या पानात वाढली आणि तिला तिची गरजही नव्हती.

त्याच रात्री एस्तेर माझ्या सोबतीला तिथेच झोपायला आली आणि तिने पिशवीतून झगा काढला. पाळकांचा पांढरा, पायघोळ, मुंबईहून आलेला, पुरुषी मापाचा. "नले, तुझा हात चांगला आहे. टाचून देतेस का? माझ्या पायात येतो." ती अंघोळीला गेली. मी खोलीचं दार लोटलं आणि झगा अंगात घातला. मी तिच्याहून उंच. खांदे बरोबर खांद्यावर, बाह्या मनगटापर्यंत, खालची कड घोट्याशी. कुणी माप घेऊन शिवावा तसा बसला. सॅमसनरावांच्या कपाटाच्या आरशात मी बराच वेळ उभी होते. मग काढला, खाली बसले आणि वीतभर कापड आत मुडपून टाके घातले. बारीक घातले, कुणी उसवायचं म्हटलं तरी सोपं जाऊ नये असे.

दीक्षेचं फार लिहीत नाही. देऊळ, म्हणजे चर्च, फुलांनी सजलं होतं. बिशपसाहेब आणि आजूबाजूचे सगळे पाळक तिच्याभोवती उभे राहिले, सगळ्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवले. इतक्या पुरुषांच्या हातांखाली ती दिसतच नव्हती, फक्त झग्याची कड दिसत होती. मला रडू आलं. शेजारच्या बाईंनी माझा हात दाबला आणि म्हणाल्या, "मैत्रिणीचा आनंद वेगळाच असतो, नाही?" मी मान हलवली. दुपारी जेवणाला मटण-पुलाव होता. ज्यांना समुद्र पाहायचा असेल त्यांनी संध्याकाळी सुरूच्या झाडांखाली जाऊन बसावं. मी बसले होते, पण लाटा कशा होत्या ते काही आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी तलासरी. डहाणूहून एसटी मिळते, पुढे जीप, आणि जीप थांबते तिथून चालत. थंडीत जाणार असाल तर हायवेच्या कडेला मडक्यात कंद आणि पापडीच्या शेंगा भाजून विकतात, ते उबाडियू जरूर खा. हिरव्या चटणीबरोबर दोघींनी मिळून खाल्लं. मी विचारलं, "सॅमसनराव नाइलाज म्हणाले, तो कसला?" ती म्हणाली, "माझीच बदनामी व्हायची वेळ आली होती, नले. इतकी वर्षं या पाड्यांवर काम, आणि एकाही पोराचा बाप्तिस्मा नाही. पाळकसाहेब डहाणूहून यायचे तेव्हा पाड्यावर पोरच नसायचं."

आम्ही पोचलो तेव्हा पाड्यावर पोरंच पोरं होती. कडेवरची, रांगणारी, बोट धरून उभी, तेल लावून केस चापून बसवलेली. अंगण शेणाने सारवलं होतं. पुढे एक म्हातारी बसली होती, नवसूआजी. सगळं तिच्या हुकमाने चाललं होतं.

"पालकसाहेब यायचा तवां आमीं पोरां रानात धाडायचों," ती मला म्हणाली. "लाकडां आनाया."

"का पण?"

म्हातारीने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी विचारू नये ते विचारलं. "ही पोरां कोनाचे हातात आली? हिचे. नाल हिनं कापली, पयला पानी हिनं घातला. मंग ह्यो पानी दुसऱ्याचे हातचा कसा घेवाचा?"

तेव्हा मला उमगलं. एस्तेर इथे सुईणपणही करत होती, आणि यांच्या रीतीने बाळाला पहिली अंघोळ घालणाऱ्या बाईचा त्या बाळावर मान असतो. बाप्तिस्मा म्हणजेही त्यांना तीच अंघोळ वाटली. शास्त्राप्रमाणे चूक, वर्गात मी लाल शाई वापरली असती. पण डोंगरभर बायकांनी पोरं दडवून ठेवली, मोठी होऊ दिली, आणि पंचायतीला शेवटी गुडघे टेकावे लागले. माझ्यासाठी नाशकात कुणी एक खुर्चीसुद्धा अडवली नव्हती.

मी पाण्याचं पातेलं धरून उभी राहिले. एस्तेर एकेका पोराचं नाव विचारायची, ओंजळीने पाणी घालायची, पोरं किंचाळायची, बायका हसायच्या. माझे दंड भरून आले. मधेच एक तरुण आई, एस्तेर दुसरीकडे गुंतलेली बघून, आपलं बाळ माझ्यापुढे धरून म्हणाली, "तुमीं घाला ना बाय." माझा हात पातेल्याशीच होता. एस्तेरने वळून पाहिलं. मी म्हटलं, "मला परवानगी नाही."

नवसूआजीने ते ऐकलं. "तुमचे तठं बायांनी पोरां नाय लपवली?" तिने साधं विचारलं, कौतुकानेही नाही, टोमण्यानेही नाही. मी पातेलं दुसऱ्या हातावर घेतलं.

डहाणूला परतताना गाडीत मी एस्तेरशी नीट बोलले नाही. नाशिकला निघताना तिने चिकूंची पिशवी दिली, तीही मी जव्हारला एसटीत शेजारी बसलेल्या बाईंना देऊन टाकली. मनात एकच होतं: हिला माणसं आहेत, मला नाहीत.

आठवड्याभरात आमच्या पंचायतीची बैठक झाली. या वेळी मला बोलू दिलं आणि मी सॅमसनरावांकडे बोलले होते त्याहून चांगलं बोलले. अर्ज फेटाळला. पंचायतीत दोन बायका होत्या, त्यांचेही हात विरोधात वर गेले. त्यातल्या एक शांताबाई. महिला मंडळ मी त्यांच्याच घरी सुरू केलं होतं, त्यांच्या नवऱ्याच्या आजारपणात महिनाभर दवाखान्यात मी बसले होते.

दुसऱ्या दिवशी त्या करंज्यांचा डबा घेऊन दारात आल्या. मी आत या म्हटलं नाही.

"रागावलात," त्या म्हणाल्या. "रागवा. पण बाई, पाळकांची दर थोड्या वर्षांनी बदली होते. सेविकेची होत नाही. आम्ही बायकांनी सगळ्यांनी बसून ठरवलं. तुम्हाला आम्ही जाऊ देणार नाही."

मला नवसूआजीचा प्रश्न आठवला. एस्तेरचा हेवा तेव्हा गेला असं म्हणणार नाही, तो आजही आहे. पण डबा मी घेतला, दार लावलं आणि आत उंबऱ्याशी टेकले. रागातच पहिली करंजी मोडली. करंज्या उत्तम झाल्या होत्या. त्यातली एकही मी कुणाला दिली नाही.